काच, क्षार आणि कोपऱ्यावरचे

अगं मेघना, थांब की जरा. कपड्यांचं काय, ऑक्टोबरचं ऊन आहे, तासाभरानं घातलेस तरी कडकडीत वाळतील. मला आधी हे सांग, काल दुपारी टेप घेऊन तुझ्याकडे आला होता तो काचवालाच ना? बघ, मी ह्यांना म्हटलंच. टेहळणी नव्हते हो करत, कढीपत्ता तोडायला आले होते. आता झाड भिंतीलाच आहे त्याला मी काय करू!

म्हणजे तुझ्याही बाथरूमला काच बसणार. बसव बाई, हौसेला मोल नसतं. दिसते सुंदरच. दुकानात तर अशी लखलखीत असते की मध्ये काच आहे की नाही हेच कळत नाही. पण दुकानात कुणी आंघोळ करत नाही, मेघना. आणि केलीच तरी बोअरच्या पाण्यानं करत नाही.

कोपऱ्यावरच्यांचं कळलं नाही तुला? खरंच नाही? मग ये अशी इकडे, जास्वंदीच्या अलीकडे. मोठ्यानं बोलायची सोय नाही, त्यांच्या गच्चीवर कोण कधी उभं असेल सांगता येत नाही. नाव मी घेत नाही, तुला समजलंच असेल. त्यांनी वरच्या बाथरूमात तिन्ही बाजूंनी काचेची खोलीच करून घेतली, दहा मिलीमीटरच्या काचेची. वास्तुशांतीला आलेल्या प्रत्येकीला हाताला धरून जिना चढवला होता ती दाखवायला. मी पाहिली ना, बोट लावायची भीती वाटावी अशी. आणि यंदा नवरात्रात सवाष्ण म्हणून जेवायला गेले, हात धुवायच्या निमित्तानं आत डोकावले, तर पांढरीफटक! पलीकडे माणूस उभा आहे की गीझर टांगलाय, काही उमजेना. एका परीनं बरंच म्हणा, आडोसा झाला.

तिथली सून मला म्हणते, ‘काकू, आमची बाई नीट घासतच नाही.’ आता त्यांच्याकडेही शांताबाईच जाते, आपल्याकडेही तीच. ती बिचारी रोज साबण लावून ती काच घासते, दंड भरून येतात तिचे. पण साबण लावून घासते ना, तिथेच सगळं मुसळ केरात. तो डाग मळाचा नाहीच मुळी. पाण्याचा आहे.

आमच्या भाऊजींचा जन्म पाण्याचे नमुने तपासण्यात गेला, तुला माहीतच आहे. जेवायला बसले तरी आधी तांब्यातलं पाणी उजेडाला धरून बघतात. ते सांगतात, आपल्या इथे सगळा दख्खनचा काळा कातळ. पावसाचं पाणी त्याच्या भेगांतून मुरत खाली जातं ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पोटात घेऊन. पाण्यात विरघळलेलं असतं तोवर दिसत नाही. थेंब काचेवर वाळला की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागे चुनखडी उरते. एवढंच. गीझरची कॉइल बाहेर काढली की जाड पापुद्रे निघतात ना, ते हेच. शाळेत दुष्फेन पाणी म्हणून पाठ केलं होतंस, आठवतं? तेच आपल्या मोटारीतून वर चढतं.

सदाशिव पेठेत आम्ही एवढी वर्षं काढली. तिथे खडकवासल्याचं धरणाचं पाणी. स्टीलच्या पिंपावर एक पांढरा ठिपका पाहिला असेल तर शपथ. इथे वाघोलीला आल्यावर पहिल्याच महिन्यात भाऊजींनी नमुना नेला. पिण्याच्या पाण्याचं सरकारी मानक आहे, आयएस १०५००. त्यात कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा असं आहे. दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्या म्हणतात. आमच्या बोअरचा आकडा चारशेच्या पुढे निघाला. टँकरचं कधी बरं, कधी त्याहून वाईट, ज्या विहिरीवर भरला असेल तसं. आणि कोपऱ्यावरचे ते टीडीएस मीटर घेऊन सोसायटीभर हिंडतात, प्रत्येकाच्या बादलीत बुडवतात, त्याला फसू नकोस. पाण्यात सगळं मिळून किती विरघळलंय तेवढंच ते सांगतं. त्यातलं काचेला चिकटणारं किती, हे त्याला कुठलं कळायला!

आता साबणाचं ऐक. वडीचा साबण तेलाचा नाहीतर चरबीचा. तो जड पाण्यात पडला की पाण्यातल्या कॅल्शियमशी त्याचं जुळतं आणि चिकट राखाडी साका धरतो. तो पाण्यानं जात नाही. फेस येत नाही म्हणून माणूस आणखी साबण चोळतो, म्हणजे आणखी साका. काचेवर आधी चुना, त्यावर साका, त्यावर परत चुना. शांताबाई बिचारी त्यावर आणखी एक हात साबण फिरवते. बाटलीतले ते बॉडीवॉश असतात, त्यातले बरेचसे मुळात साबण नसतातच, त्यांचा असा साका होत नाही. मी ह्यांच्यापुढे बाटली ठेवून पाहिली. म्हणाले, ‘शेवाळ अंगाला लावून मी आंघोळ करणार नाही.’ संपला विषय. चंदनाची वडी हवी, ती घासून घासून पापडाएवढी होईपर्यंत हवी.

आणि दिवाळी आली तोंडावर! त्या काचेच्या डब्यात अभ्यंगस्नान करून बघ एकदा. आंघोळीला आपल्याला बादली-तांब्या लागतो, पाट लागतो. हात मागे नेला की कोपर काचेला. तेल चोळलेली पाठ काचेला. उटण्याचे पंजे काचेला. आमच्याकडे नरक चतुर्दशीला पहाटे उमटलेला माझ्या नातवाचा हात पाडव्याला पाहुण्यांनी पाहिला. त्यात आमच्या प्रसादला ओला टॉवेल काचेच्या दारावर टाकायची सवय. अरे, ते दार दोन बिजागऱ्यांवर लटकलंय, दोरी आहे का ती?

हां, ॲसिडचं राहिलं. तेच तर सांगायला बोलावलं तुला.

तर कोपऱ्यावरच्या सासू-सुनेचं झालं थोडं. सासू म्हणाली, पडदा लावला असता तर दोनशे रुपयांत भागलं असतं. सुनेनं ते मनाला लावून घेतलं. मग तिच्या नवऱ्यानं संडास धुवायचं ॲसिड आणलं, ते झोंबरं हायड्रोक्लोरिक, आणि ओतलं काचेवर. डाग गेला म्हणतात. जाणारच, चुना ॲसिडपुढे टिकतो कुठे? पण त्या हुशार माणसानं खाली बघितलं नाही. उंबरा मार्बलचा! मार्बल म्हणजे तरी काय, चुनखडीच. फसफस फेस आला आणि इटालियन म्हणून मिरवलेला उंबरा पाय ठेवला तर खरखरीत लागेल असा झाला. नळांचं क्रोम काळवंडलं. तेवढ्यावर थांबावं की नाही? काचेच्या कडेच्या सिलिकॉनला काळी बुरशी धरली होती, ती घालवायला त्याच ओल्यावर ब्लीच ओतलं. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आलं की क्लोरीन सुटतो, विषारी वायू. तो खोकत खोकत जिना उतरला, डोळे लालबुंद. खाली सासूबाई ओरडायला लागल्या, गॅस लिक झाला, गॅस लिक झाला. शांताबाईनं खिडक्या उघडल्या, सगळ्यांना अंगणात काढलं. वाचला म्हणायचा. हसू नकोस गं, बंद बाथरूममध्ये अशानं माणूस जातो. बुरशीला ब्लीच चालतं, पण वेगळ्या दिवशी, सगळं धुऊन कोरडं झाल्यावर, खिडकी उघडी टाकून.

आपल्याला ॲसिडच हवं, पण शहाणं. वाण्याकडे लिंबूफूल मिळतं ना, ढोकळ्यात घालतात ते सायट्रिक ॲसिड, तेच आण. अर्धा लिटर कोमट पाण्यात एक मोठा चमचा भरून विरघळव आणि फवाऱ्याच्या बाटलीत भर. व्हिनेगर चालतं, पण मग दिवसभर बाथरूमला चायनीजच्या गाडीचा वास. मात्र क्रम चुकवू नकोस. तेलाला लिंबूफूल काही करू शकत नाही, साक्यापुढेही फारसं चालत नाही, मग खालच्या चुन्यापर्यंत ते नीट पोचत नाही. आधी भांड्याच्या लिक्विडनं काच धुऊन घे, चिकटपणा काढ, पाणी मार. मग फवार.

फवारलंस की कान काचेजवळ ने. अगदी बारीक चुरचुर ऐकू येते. तो चुना विरघळतोय. पण काच उभी, पाणी ओघळून खाली, म्हणून आम्ही ह्यांचा जुना पंचा त्यात भिजवून काचेला थापतो, जिथे डाग जुना तिथे. चिकटून बसतो छान. वीसेक मिनिटांनी काढायचा, मऊ स्क्रबरनं गोल गोल फिरवायचं, भरपूर पाण्यानं धुवायचं. धुताना नळ आणि बिजागऱ्यासुद्धा धू, लिंबूफूल त्यांच्यावर वाळू देऊ नकोस. आणि एक गंमत सांगते. ओली असताना काच नेहमीच स्वच्छ दिसते. ठिपक्यांत पाणी भरतं ना, मग ते दिसत नाहीत. शांताबाई म्हणायची, ‘बघा ताई, झाली चकाचक,’ आणि ती गेटबाहेर पडेपर्यंत ठिपके हजर. ती खोटं बोलत नव्हती. काच वाळल्याशिवाय निकाल लावायचा नाही. वाळली की तिरक्या उजेडात बघ, आणि नखानं चाचप. खरखरीत लागलं तर चुना अजून आहे, पुन्हा पंचा लाव.

तुझं खाली काय आहे, व्हिट्रिफाइड ना? मग काळजी नाही. मार्बल, कोटा, शहाबादी, ह्या तिघांपासून लिंबूफूलही लांब ठेव. सगळे एकाच गोत्रातले.

तुझी नणंद त्या दिवशी सोडा आणि व्हिनेगर एकत्र करायला सांगत होती, मी ऐकलं इकडून. फसफसतं म्हणून बघायला झकास. पण एक ॲसिड, एक अल्कली, दोघं एकमेकांना मारून मोकळे होतात, काचेसाठी काही शिल्लक राहत नाही. नुसता ओला सोडा कापडावर घेऊन चोळलास तर निदान घासायच्या कामी तरी येतो. तिला सांगू नकोस मी म्हटलं म्हणून.

तारेची घासणी मात्र घरात आहे हेच विसर. ब्लेडही नको. ही काच कडक केलेली असते, टफन्ड. सहाशे अंशांच्या वर तापवून वाऱ्यानं एकदम थंड करतात, म्हणून फुटली तर सुऱ्यासारखे तुकडे न होता खडे पडतात. पण ओरखडा तिच्यावरही येतो आणि तो जन्माचा. एकदा कडक केली की तिला कापता येत नाही, भोक पाडता येत नाही, म्हणून मापं आधीच नीट घ्यायची. तुझ्या काचवाल्यानं भिंत ओळंब्यात आहे का पाहिलं का? नाही? मग बोलव परत. आणि हिचं मर्म असतं कडेला. मधोमध धक्का बसला तर सोसेल, पण उतरवताना कड फरशीवर आपटली तर क्षणात खड्यांचा ढीग. टेंपोतून उतरवतील तेव्हा तू स्वतः उभी राहा. खाली गोणपाट अंथरायला सांग.

कोपऱ्यावरच्यांचं पुढे काय झालं विचारशील तर, वरची काच निघाली स्वच्छ, पण खालचा वीतभर पट्टा तसाच धुरकट. कुठल्याच औषधाला दाद देईना. मी भाऊजींना विचारलं. ते म्हणाले, तो डाग राहिलाच नाही आता, ती काचच खाल्ली गेली. वर्षानुवर्षं तिथे ओल राहिली की काचेतला सोडियम त्या पाण्यात उतरतो, पाणी अल्कधर्मी होतं आणि काचेचाच पृष्ठभाग कुरतडतं. नख फिरवलं तर गुळगुळीत, पण दिसायला धुकं. त्याला मग सिरियम ऑक्साइडची पॉलिश लागते, भिंगांना करतात ती, आणि ते करणारा माणूस जो आकडा सांगतो तो ऐकून नवीन काच स्वस्त वाटते. सुनेनं अजून सासूला सांगितलेलं नाही. तू बोलू नकोस.

कोटिंग? काचवाला तेही गळ्यात मारणार, मला माहीत होतं. पाणी काचेवर पसरत नाही, थेंब होऊन घरंगळतं, हे खरं. पण न घरंगळलेला थेंब वाळला तर डाग पडतोच, आणि घासून घासून कोटिंग जातंही. वायपर काही सुटत नाही. सॉफ्टनर लावलास तर निराळी गोष्ट. त्यात रेझिनचे मणी असतात, ते पाण्यातला कॅल्शियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मग जो डाग पडतो तो नुसत्या ओल्या फडक्यानं निघतो. साबणाला फेसही असा येतो की माणूस गोंधळून जातो. पण त्याला दर काही दिवसांनी मीठ घालावं लागतं, ते खारं पाणी बाहेर सोडावं लागतं, आणि ते माझ्या कढीपत्त्याच्या मुळाशी आलेलं मला चालणार नाही, आत्ताच सांगून ठेवते.

खरं औषध एकच, थेंब वाळूच द्यायचा नाही. आंघोळ झाली की वायपर. वरच्या कडेला टेकवायचा, एका दमात खाली आणायचा, रबर फडक्याला पुसायचं, पुढचा पट्टा आधीच्यावर दोन बोटं चढवून घ्यायचा. खालच्या खाचेतलं पाणी फडक्यानं टिपायचं, कारण ते साचतं तिथूनच काच खराब व्हायला लागते. दार उघडं, एक्झॉस्ट चालू. मिनिटसुद्धा लागत नाही. पण हे मिनिट कुणाचं, यावरून आमच्या घरात महाभारत झालं!

आमच्या गायत्रीनं आधी नियम काढला, जो शेवटी आंघोळ करेल त्यानं वायपर मारायचा. झालं! रविवारी दहापर्यंत लोळणारा प्रसाद सकाळी सहाला टॉवेल खांद्यावर टाकून दारात. हे पाच वाजताच आटोपायला लागले, वर ‘ब्राह्ममुहूर्त’ म्हणून सगळ्यांना ऐकवायचे. शेवटी कोण उरायचं? मी, नाहीतर ती. मग मीच म्हटलं, प्रत्येकानं आपापला हात मारायचा, तरच त्याच्या पानात गरम पोळी. वायपर आधी बेसिनखाली असायचा, तो शॉवरच्याच खाली डोळ्यासमोर हुकावर टांगला. पोळीनं काम केलं की हुकानं, सांगता येत नाही, पण काच बघायला ये हवी तर. ये ना, आत्ता नको, आत्ता ती पोरं आंघोळीला आहेत.

कागदानं पुसतेस? जुनी पिढी कंदिलाच्या काचा रखुंडीनं आणि कागदानंच पुसायची, पण ती काजळी होती. चुन्याला कागद काय करणार? शेवटचा कोरडा हात फिरवायला घे हवा तर.

आणि आरओच्या नळीचं पाणी तू बादलीत धरतेस ना, फरशी पुसायला? चांगली गोष्ट, वाया घालवू नये. फक्त काचेला ते लावू नकोस. गाळून शुद्ध केलेलं पाणी तू पितेस, म्हणजे मागे राहिलेले सगळे क्षार त्या बादलीत दाटून आले. काचेला त्याच्याइतकं वाईट पाणी घरात दुसरं नाही. उलट एसीच्या नळीतून गळतं ते धर. ते हवेतलं बाष्प गार होऊन पडलेलं पाणी, त्यात क्षार नसल्यातच जमा. लिंबूफुलानं धुतल्यावर शेवटचा हात त्या पाण्याचा मारायचा. वायपर कुठे सुटला तरी ठिपका उमटत नाही. इस्त्रीतही तेच घालते मी.

माझं ऐकशील तर तिन्ही बाजूंनी काच करूच नकोस. एकच उभी काच घे, दार नको, बिजागरी नको, पुसायला निम्मं, रबराच्या पट्ट्या नाहीत म्हणजे बुरशीला घर कमी. शॉवरचं तोंड काचेकडे न ठेवता भिंतीकडे ठेवायला सांग, प्लंबर ऐकत नाहीत, दोनदा सांग. आणि आत बादली, पाट आणि तू, तिघं मावाल एवढी जागा सोड. सासूबाई आल्या तर त्यांना उभ्यानं आंघोळ जमायची नाही.

जाऊ? पोळ्यांची कणीक मळून ठेवलीय. तू कपडे घाल वाळत. आणि हे बघ, तुझा हॉलचा एसी इकडेच गळतो ना, भिंतीच्या बाजूला? त्याच्याखाली माझीही एक बादली ठेवते. आमचा परवापासून बंद पडलाय.